आलेख पडद्यावर नीट बसवायचा कसा: आपोआप झूम आणि अक्षांच्या मर्यादा

दहावीच्या आलेख कागदाचा वरचा उजवा कोपरा आठवतोय? तिथे लिहायचं असायचं, "प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक". ते राहिलं की गुण जायचे. पण हे प्रमाण आपण ठरवायचो कसं? आधी क्ष, य आणि (क्ष, य) असा तीन ओळींचा तक्ता करायचा, क्ष च्या तीन-चार किमती घेऊन य काढायचा, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा बघायचा आणि कागदावर मावेल असं प्रमाण धरायचं. य चाळीसच्या घरात गेला तर १ सेमी = ५ एकक.

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आपोआप झूम हेच करतो. फरक इतकाच की तक्ता भरताना आपली नजर समीकरणावरही असायची. सॉफ्टवेअर फक्त तक्ता बघतं. दोन बिंदूंच्या मध्ये काय घडलं याची त्याला गंधवार्ता नसते. आपोआप झूमच्या बहुतेक चुका इथूनच निघतात, आणि त्या कशा टाळायच्या हे सांगायला हा लेख आहे. पहिला भाग डेस्मॉस, जिओजेब्रा ही आलेखाची सॉफ्टवेअरं किंवा टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांसाठी. दुसरा भाग स्वतःचं आलेखाचं ॲप लिहू पाहणाऱ्यांसाठी, आणि तो जास्त लांब आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

रिकामा पडदा

डेस्मॉस उघडला की क्ष-अक्ष साधारण −१० ते १० असतो. टीआय-८४ वर 'झेडस्टँडर्ड' दाबलं की दोन्ही अक्ष −१० ते १० होतात. आता एक लाख रुपये, दरसाल ८ टक्के चक्रवाढ, याचा आलेख टाका: य = १००००० × (१.०८ चा क्ष वा घात). पडदा कोरा. पोरं इथे कंस तपासत बसतात. समीकरणात काही चूक नसते. वक्र पडद्याच्या कितीतरी वर असतो.

आधी क्ष ठरवा. क्ष म्हणजे वर्षं, तेव्हा उणे वर्षांचा प्रश्नच नाही. ० ते २० घ्या. मग दोन टोकं काढा: क्ष = ० ला १,००,०००, क्ष = २० ला जवळपास ४,६६,०००. म्हणजे य-अक्ष ० ते ५,००,०००, खुणा लाखालाखावर. डेस्मॉसमध्ये वर उजवीकडच्या पान्याच्या चिन्हात हे आकडे भरता येतात, टीआयवर 'विंडो' बटणाखाली. डेस्मॉसमध्ये शिफ्ट धरून एखादा अक्ष ओढला तर फक्त तोच अक्ष ताणला जातो. अंदाज घ्यायला हे फार सोयीचं आहे.

टीआयचं 'झूमफिट' यातलं अर्धं काम करतं. ते क्ष ला हात लावत नाही, तुम्ही दिलेल्या क्ष-मर्यादेत य ची किमान आणि कमाल किंमत शोधून तेवढाच य-अक्ष ठेवतं. आपल्या उदाहरणात तो १,००,००० ते ४,६६,०९६ असा होईल. वक्र दिसतो, पण वरखाली कडेला चिकटलेला, आणि तळाला शून्य नसल्यामुळे पैसे जणू काहीच नसल्यापासून वाढले असं वाटतं. पैशाच्या, लोकसंख्येच्या, वजनाच्या आलेखात झूमफिटनंतर खालची मर्यादा हाताने शून्य करायची सवय ठेवा.

बिंदूंचा तक्ता असेल तर काम आणखी सोपं. डेस्मॉसमध्ये तक्त्याशेजारी भिंगाचं चिन्ह येतं, टीआयवर 'झूमस्टॅट' आहे. इथे यंत्र चुकण्याची शक्यता कमी, कारण तक्त्यापलीकडे काही लपलेलंच नसतं.

आधी क्ष, मग य

आता एक फसवं समीकरण घेऊ: य = क्ष³ − ३०क्ष² + १००.

दोन्ही अक्ष −१० ते १० ठेवले तर पडद्यावर जवळजवळ उभ्या दोन रेषा दिसतात, एक −१.८ च्या आसपास, दुसरी १.९ च्या आसपास. झूमफिट दाबा. क्ष तोच राहतो, य होतो −३९०० ते १००. आता एक सुरेख टेकडी दिसते, पालथ्या वाडग्यासारखी. बघणारा खुशाल म्हणेल की हे वर्गसमीकरण आहे, मुळं दोन.

पण हे घन समीकरण आहे. उजवीकडे क्ष = २० ला ८००० − १२००० + १०० = −३९०० इतकी खोल दरी आहे, आणि तिथून वर चढत वक्र २९.८९ च्या जवळ पुन्हा शून्य ओलांडतो. तिसरं मूळ ते. झूमफिटने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याला क्ष = १० च्या पुढे बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

यातून हाताने निघायचा मार्ग म्हणजे महत्त्वाच्या जागा आधी काढणं: मुळं, शिखर-दऱ्या, जिथे भागाकार शून्याने होतो त्या जागा, जिथून वर्गमूळ किंवा लॉग सुरू होतो त्या जागा. इथे त्या −१.८, ०, १.९, २० आणि २९.९. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून क्ष-अक्ष −१० ते ३५ घ्या आणि मग झूमफिट दाबा. क्ष = ३५ ला य ६२२५ येतो, म्हणजे य-अक्ष −३९०० ते ६२२५. आता दोन वळणं, तीन मुळं, सगळं एका नजरेत.

य ची मर्यादा यंत्राने काढावी, क्ष ची माणसाने. निदान माणसाला विचारून. मी जेव्हा जेव्हा क्ष सुद्धा पूर्णपणे यंत्रावर सोडला, तेव्हा नंतर निस्तरत बसावं लागलं.

वर्तुळ चपटं का दिसतं

क्ष² + य² = २५ हे वर्तुळ काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसवर −१० ते १० च्या चौकटीत टाका; अंडं दिसेल. आलेखाची जागा ९५ × ६३ पिक्सेलची आहे, म्हणजे आडवी बाजू उभीच्या दीडपट. 'झेडस्क्वेअर' दाबलं की क्ष-अक्ष −१५.१६ ते १५.१६ होतो (९५ आणि ६३ पिक्सेलांमध्ये अंतरं ९४ आणि ६२, म्हणून ९४ भागिले ६२, गुणिले १०) आणि वर्तुळ गोल होतं. एकमेकांना लंब रेषा काटकोनात दिसायला हव्या असतील तरीही हेच. पण चक्रवाढ व्याजाला चौरस प्रमाण लावू नका, एका अक्षावर वर्षं आणि दुसऱ्यावर रुपये असताना त्याला काही अर्थच नाही.

आता कोड लिहिणाऱ्यांसाठी: नमुने घेणं

पहिलं काम तक्ता भरण्याचं. क्ष-मर्यादेचे हजारेक भाग करा, प्रत्येक ठिकाणी य काढा, जिथे उत्तर वास्तव संख्या नाही किंवा अनंत आहे तिथे तो बिंदू बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, बाजूला ठेवा; फंक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे तुटतं हे त्याच बिंदूंवरून कळतं.

किती भाग पुरेसे? याचं एक सुंदर उदाहरण त्याच काळ्या-पांढऱ्या टीआयच्या 'झेडट्रिग' या त्रिकोणमितीसाठीच्या चौकटीत आहे. तिथे शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांमधलं अंतर बरोबर पाय भागिले २४ असतं (पाय म्हणजे ३.१४१५९…). आता साइन(४८क्ष) काढा. प्रत्येक पिक्सेलवर कोन २ पायच्या पूर्ण पटीत येतो, सगळ्या किमती शून्य, पडद्यावर सपाट रेषा. साइन(४९क्ष) काढा, तर साध्या साइन(क्ष) ची लाट दिसते, अगदी हुबेहूब. यंत्राने ९५ ठिकाणी तपासलं आणि ९५ ठिकाणी खरंच तीच किंमत आली.

यावर उपाय असा, की नमुने दोनदा घ्यायचे, एकदा १००० भागांत आणि एकदा १०१३ भागांत. दोन्ही वेळा वक्राच्या चढउतारांची संख्या जुळली तर ठीक. जुळली नाही तर फंक्शन आपल्या चाळणीतून निसटतंय असं समजायचं, भाग दुप्पट-चौपट करायचे, आणि तरीही जुळेना तर क्ष-मर्यादा आखडती घ्यायची.

टोकाचे आकडे कापायचे, पण विचारून

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे. य = १/(क्ष − २) घ्या, क्ष ० ते ४. हजार भाग केले तर पाऊल ०.००४ चं. नेमकं २ वर भागाकार शून्याने, तो बिंदू बाजूला. त्याच्या शेजाऱ्यांची किंमत २५० आणि −२५०. किमान-कमाल घेऊन य-अक्ष −२५० ते २५० केला, तर ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर ९० टक्के वक्र मधल्या १२ पिक्सेलांच्या पट्टीत चेपला जातो. दिसते एक आडवी रेघ आणि मध्ये खिळा. भाग वाढवले तर आणखी वाईट, कारण नमुना २ च्या आणखी जवळ जातो. टॅनचं तर विचारूच नका: पाय संगणकात नेमका मावत नाही, त्यामुळे टॅन(पाय/२) अनंत न येता १७ अंकी आकडा येतो आणि तुमची 'अनंत आहे का' ही तपासणी बिनदिक्कत पार करून जातो.

नेहमीचा तोडगा म्हणजे सगळ्या य-किमती चढत्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या पाच व खालच्या पाच टक्के सोडून द्यायच्या. आपल्या उदाहरणात ० ते ४ ची लांबी ४, तिचे पाच टक्के ०.२, आणि १/०.२ = ५. म्हणजे य-अक्ष −५ ते ५. अगदी हाताने काढावा तसा.

मात्र ही कात्री प्रत्येकाला लावायची नाही. २ चा क्ष वा घात घ्या, −१० ते १०. कमाल १०२४, पण पाच टक्के कापले की ५१२. म्हणजे उजवं टोक अर्ध्यातच कापलं गेलं, तेही विनाकारण. म्हणून कापण्याआधी तुलना करायची: पूर्ण पसारा (कमाल वजा किमान) हा कापलेल्या पसाऱ्याच्या दहापटीहून मोठा असेल तरच कापायचं. इथे गुणोत्तर दोन, सोडून द्या. १/(क्ष − २) ला ते ५० आहे, कापा. दहा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. मला तो मानवला, इतकंच.

माझ्या पहिल्या ॲपमध्ये मी इथेच थांबलो होतो आणि मोठा खूश होतो. मग एका मित्राने य = १/(१ + १००००(क्ष − ३)²) टाकून दाखवलं. हे सगळीकडे जवळजवळ सपाट, फक्त क्ष = ३ ला उंची १ चं सुईसारखं शिखर. −१० ते १० मध्ये पाच टक्के कापल्यावर कमाल ०.०००४ उरली, गुणोत्तर अडीच हजारांचं, कात्री चालली आणि शिखराचं डोकंच उडालं. या फंक्शनमध्ये बघण्यासारखी एकच गोष्ट होती, ती गेली.

शिखर आणि फाट (जिथे किंमत अनंताकडे जाऊन वक्र तुटतो ती जागा) यांतला फरक नुसत्या आकड्याच्या आकारावरून कळत नाही. जवळ जाऊन बघावं लागतं. संशयित जागेपासूनचं अंतर दर वेळी निम्मं करत किमती काढा. १/(क्ष − २) साठी अंतर ०.०१, ०.००५, ०.००२५, ०.००१२५ ला येतात १००, २००, ४००, ८००. थांबायचं नावच नाही, म्हणजे फाट आहे, कापा. सुईसाठी त्याच अंतरांना येतात ०.५, ०.८, ०.९४, ०.९८. वाढ मंदावते, एकाकडे स्थिरावते. म्हणजे खरं शिखर, ठेवा. चार-पाच जादा किमती काढण्याचा खर्च, आणि निम्म्या तक्रारी गायब.

जाता जाता: फाट सापडलीच आहे तर तिच्या दोन बाजूंचे बिंदू रेषेने जोडू नका. वरून खाली जाणारी ती उभी रेघ वक्राचा भाग नसते, आणि मुलं ती अनंतस्पर्शी (वक्र जिच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा) म्हणून वहीत उतरवतात.

सपाट फंक्शन

य = ७. किमान ७, कमाल ७, पसारा शून्य. पुढे कुठेतरी पसाऱ्याने भागाल आणि ॲप आडवं होईल. पसारा शून्य असेल तर किमतीच्या वरखाली एक-एक एकक घ्या आणि पुढे चला.

याच घराण्यातलं पण जास्त लबाड फंक्शन म्हणजे साइन² + कोसाइन². उत्तर १ असतं हे आपल्याला ठाऊक. संगणकाला काही ठिकाणी १ मिळतो, काही ठिकाणी ०.९९९९९९९९९९९९९९९९. आपोआप झूम इमानदारीने त्या इवल्याशा फरकावर जाऊन बसतो आणि पडद्यावर करवतीचे दात दिसतात. म्हणून पसारा शून्य आहे का एवढंच विचारू नका. किमतीच्या तुलनेत पसारा एक लाख कोटी भागांतल्या एका भागाहूनही लहान असेल तर फंक्शन सपाट धरा.

कडेची जागा आणि गोल आकडे

मिळालेल्या पसाऱ्याच्या पाच टक्के जागा वर आणि खाली सोडा. मॅटप्लॉटलिब ही पायथनमधली आलेखाची लायब्ररी २०१७ च्या २.० आवृत्तीपासून हेच करतं, आणि डोळ्याला ते बरं वाटतं. शून्य जर कडेपासून जवळ असेल, समजा पसाऱ्याच्या पाचव्या भागाच्या आत, तर तेही आत घ्या; अक्षाची रेषा दिसली की वाचणाऱ्याला थारा मिळतो. य १००० ते १०१० असेल तर मात्र शून्याचा हट्ट धरू नका.

आता खुणा. कुणालाही १६८७.५ च्या टप्प्यांनी अक्ष वाचायचा नसतो. पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये लिहून ठेवलेली छोटीशी पद्धत अजूनही कामाला येते: टप्पा नेहमी १, २ किंवा ५ यांपैकी एक, गुणिले दहाचा कुठलातरी घात. आपल्या घन समीकरणावर करून बघू. पसारा −३९०० ते ६२२५, म्हणजे १०,१२५. सहाएक खुणा हव्यात, म्हणून भागिले ६, उत्तर साधारण १६८७. यातला दहाचा घात बाहेर काढला: १.६९ × १०००. आता १.५ च्या खाली असेल तर १, ३ च्या खाली असेल तर २, ७ च्या खाली असेल तर ५, नाहीतर १०. इथे २. टप्पा २०००. मर्यादा त्याच्या पटीत बाहेरच्या बाजूला ढकलल्या: −४००० ते ८०००. गोल टप्प्याने कडेची जागा आपसूक मिळाली, तर वरचे पाच टक्के पुन्हा घालायची गरज नाही.

खुणांचे आकडे काढताना टप्पा मिळवत मिळवत पुढे जाऊ नका. ०.१ तीनदा मिळवला की संगणक ०.३०००००००००००००००४ म्हणतो आणि ते जसंच्या तसं अक्षावर छापलं जातं. दर वेळी पूर्णांक गुणिले टप्पा करा आणि टप्प्याला जितकी दशांश स्थळं आहेत तितकीच दाखवा. त्रिकोणमितीत टप्पा पायच्या निम्म्यात, पाव भागात किंवा सहाव्या भागात ठेवा. आणि मराठी वाचकांसाठी ॲप लिहीत असाल तर पाचावर पाच शून्यं छापण्यापेक्षा '५ लाख' छापा.

क्ष आपोआप हवाच असेल तर

शून्यापासून दोन्ही बाजूंना वाढत्या पावलांनी चाला: ०.१, ०.२, ०.५, १, २, ५, असं करत हजारापर्यंत. चिन्ह बदललं तर मध्ये मूळ किंवा फाट, चढाचा उतार झाला तर शिखर, बाजूला ठेवलेला बिंदू संपून खरी किंमत आली तर फंक्शनची सुरुवात. प्रत्येक जागा निम्मं-निम्मं करत नेमकी करा. √(क्ष − ५०) ला यातूनच कळतं की ५० च्या आधी बघण्यात अर्थ नाही. सापडलेल्या सगळ्या जागा मावतील एवढी मर्यादा, वर दोन्ही बाजूंना पंधरा-वीस टक्के. जागा संपतच नसतील तर फंक्शन लाटेचं आहे, शून्याजवळच्या दोन लाटा दाखवा. एकही सापडली नाही तर मुकाट −१० ते १०. दूरवर पावलं मोठी असल्यामुळे तिथलं अरुंद शिखर यातून सुटतंच, म्हणून हे उत्तर 'असं बघायचं का?' म्हणून पुढे ठेवा, लादू नका.

वापरणाऱ्याने एकदा बोटाने आलेख सरकवला की आपोआप झूम बंद. स्लायडर फिरवताना तर कधीच चालू नको. स्लायडरने समीकरणातल्या अ चा आकडा वाढतोय आणि वक्र जागचा हलत नाही, फक्त अक्षावरचे आकडे पळतायत, हा प्रकार मी वर्गात पाहिला आहे. आणि मागच्या झूमवर परत जायचं बटण द्याच.

तपासायला घ्या

वर आलेली सगळी फंक्शन्स एकेक करून टाका: य = ७, साइन² + कोसाइन², १/(क्ष − २), क्ष = ३ वरची सुई, √(क्ष − ५०), साइन(४९क्ष) आणि ते घन समीकरण. शेवटी √(−१ − क्ष²) टाका. याला कुठेच वास्तव किंमत नाही, हजार भाग करा की दहा हजार. इथे कोरा पडदा दाखवू नका. "या समीकरणाचा आलेख काढता येत नाही, कुठेही वास्तव किंमत मिळाली नाही" अशी एक ओळ दाखवा, म्हणजे समोरचा माणूस झूम करत बसणार नाही.